पत्ता उजवीकडून वाचावा

दोहात नव्याने आलेल्या मराठी माणसाला पहिला धक्का बसतो उन्हाचा आणि दुसरा पत्त्याचा. उन्हाची तयारी तो मनाशी करून आलेला असतो, पत्त्याची नसते. मी २००९ साली इथे आलो तेव्हा कोणालाही ‘राहता कुठे?’ असे विचारले की उत्तरात एकही आकडा नसायचा. ‘लँडमार्क मॉलवरून आत वळा, मशीद डाव्या हाताला ठेवा, दुसऱ्या बकाल्यापाशी थांबून फोन करा, मी बाहेर येऊन उभा राहतो.’ हा पत्ता! रेनबो राउंडअबाउट, स्पोर्ट्स राउंडअबाउट, क्रेझी सिग्नल ही तर आपल्या सगळ्यांची तोंडपाठ नावे. पुढे बऱ्याच राउंडअबाउटांचे सिग्नल झाले, पण नावे तशीच राहिली. नवा माणूस बिचारा नसलेला गोल शोधत फिरतो. अर्थात आपण हसण्यात अर्थ नाही. पुण्याच्या लकडी पुलात लाकूड शोधायला गेलेल्या माणसाची अवस्था काही वेगळी होत नाही.

आता मात्र दोहात निळ्या पाट्या आहेत. प्रत्येक घराच्या भिंतीवर तीन आकडे: झोन, रस्ता, इमारत. आपला अल गराफा झोन ५१ मध्ये येतो. इझघावा आणि बनी हाजरही याच झोनमध्ये, म्हणजे नुसते ‘एक्कावन्न’ म्हणून भागत नाही, रस्त्याचा आणि इमारतीचा आकडा लागतोच. २०१७ च्या २४ क्रमांकाच्या कायद्याने राष्ट्रीय पत्ता नोंदवणे सक्तीचे झाले आणि २०२० मध्ये जानेवारी ते जुलै अशी सहा महिने आपण सगळ्यांनी मेट्राशवर जाऊन ते तीन आकडे भरले. कित्येकांनी तेव्हा प्रथमच घराबाहेर येऊन आपली पाटी नीट वाचली. आमच्या शेजारच्या काकांनी तर विजेच्या मीटरचा काहरामा नंबर इमारतीचा म्हणून भरायला घेतला होता. काकूंनी वेळीच थांबवले.

मंडळी, या तीन आकड्यांत जे शहाणपण आहे तेच इंटरनेटच्या पत्त्यात आहे, आणि ते मला इथे सविस्तर सांगायचे आहे. मी संगणक क्षेत्रातला सल्लागार. इंग्लंडात एम. एस्सी. करताना नेटवर्किंग हा विषय घेतला होता आणि तेव्हापासून वीस वर्षे त्यातच पोट भरतो आहे. पण पत्ता म्हणजे काय हे मला प्रथम कोणी शिकवले असेल तर ते माझ्या आजोबांनी, आणि त्यांनी संगणक कधी हातातही घेतला नव्हता.

आजोबा मिरजेला रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये सॉर्टर होते. मिरज जंक्शन, त्यामुळे डाक चहूबाजूंनी यायची. रात्रीच्या गाडीत उभ्याने, हलत्या डब्यात, समोर कबुतरांच्या खुराड्यासारखे कप्पे आणि हातात पत्रांचा गठ्ठा. आजोबा सांगत, ‘पत्र लिहिणारा वरून खाली लिहितो, पण सॉर्टर खालून वर वाचतो. चि. सौ. कोण आहे, विठ्ठल मंदिराच्या मागे राहते की पुढे, याच्याशी मला काय करायचे? मी शेवटची ओळ बघतो आणि कप्प्यात टाकतो. पुढचं पुढचा माणूस बघेल.’ नावापर्यंत पोचतो तो फक्त शेवटचा माणूस, म्हणजे आळीतला पोस्टमन.

त्या शेवटच्या ओळीवर १५ ऑगस्ट १९७२ पासून सहा आकडे आले. पिन कोडची ही योजना आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपल्या कोकणातले, रत्नागिरी जिल्ह्यातल्या केळशीचे. दळणवळण मंत्रालयात मोठ्या हुद्द्यावर होते आणि शिवाय संस्कृतचे नामांकित कवी. देशात एकाच नावाची पन्नास गावे, पत्ते डझनभर लिप्यांत लिहिलेले, स्पेलिंग प्रत्येकाचे वेगळे. त्यातून वाट काढायला आकडाच हवा होता. पहिला आकडा विभागाचा, त्यात महाराष्ट्र-गोव्याच्या बाजूला ४. दुसरा उपविभागाचा, तिसरा वर्गवारीच्या जिल्ह्याचा आणि उरलेले तीन प्रत्यक्ष पोस्टाचे. ४१६ म्हटले की गठ्ठा कोल्हापूरच्या बाजूला निघाला, ४१६४१० म्हटले की मिरजेला उतरला. दिल्लीच्या सॉर्टरला मिरज कुठे आहे हे ठाऊक असण्याची गरज नाही. त्याला फक्त ४ ठाऊक असला की झाले. प्रत्येकाने आपल्यापुरता तुकडा वाचायचा आणि पुढे ढकलायचे.

इंग्लंडातल्या वर्गात डोमेन नेम सिस्टिम शिकवायला घेतली तेव्हा बाकीची मुले वहीत आकृत्या काढत होती आणि मला आजोबांचे कप्पे दिसत होते.

हे सगळे आत्ता लिहायचे कारण वेगळे आहे. आपल्यातल्याच एका मित्राने मला परवानगी दिली म्हणून सांगतो. नाव अर्थातच देत नाही, आणि कृपया कोणी ओळखण्याचा प्रयत्नही करू नये. २०२४ च्या रमजानमध्ये त्याच्या मोबाइलवर निरोप आला: ‘आपला पत्ता अपूर्ण असल्यामुळे आपले पार्सल अडकले आहे. खालील ठिकाणी पत्ता पूर्ण करून ८ रियाल भरा.’ योगायोग असा की त्याचे खरोखरच एक पार्सल यायचे होते. त्याने ते पान उघडले. निळी पाटी आठवून झोन, रस्ता, इमारत भरले. कार्डाचा नंबर भरला. ओटीपी आला, तोही भरला. दहा मिनिटांत ६,४०० रियाल गेले. ते पैसे उन्हाळ्यात चौघांची घरी जायची तिकिटे काढायला ठेवलेले होते. जळगावला वडिलांचे सहस्रचंद्रदर्शन होते.

बँकेने सांगितले, ओटीपी तुम्हीच दिलात, आम्ही काय करणार. पोलिसांत तक्रार केली, नोंद झाली, पैसे काही आले नाहीत. त्या जुलैत तो एकटाच जळगावला जाऊन आला. घरी सांगितले की तिकिटे फार महाग झाली आहेत आणि मुलांना सुट्टीतले वर्ग आहेत. खरी गोष्ट त्याने मला गाडीत बसून सांगितली, सप्टेंबरात, एसी चालू ठेवून, गाडीबाहेर न उतरता. सहा महिने ही गोष्ट तो एकटा वागवत होता. वहिनींना त्यानंतर सांगितले, म्हणूनच आज लिहितो आहे.

मला सगळ्यात जास्त लागले ते त्याचे एक वाक्य. ‘अरे, मी पत्ता बघितला होता रे. बघूनच उघडला.’

हा माणूस रास लफानला गॅसच्या प्लांटवर इंजिनिअर आहे. हजारो व्हॉल्व्ह, प्रत्येकावर टॅग नंबर. त्यातला कुठला भाग युनिटचा, कुठला उपकरणाच्या जातीचा, कुठला क्रमांकाचा हे तो झोपेतही सांगेल. आणि त्याला वेबचा पत्ता वाचता आला नाही, कारण तो वाचायला त्याला कोणी शिकवलेच नाही. आपल्यापैकी कोणालाच शिकवलेले नाही. ‘अनोळखी लिंक उघडू नका’ एवढे सगळे सांगतात. ओळखीची कशी ओळखायची ते कोण सांगणार?

म्हणून एका शुक्रवारी संध्याकाळी आमच्या घरी बसायचे ठरवले. अल गराफातलीच वीसेक माणसे आली. दोनतीन आजी-आजोबा, इकडे मुलांकडे काही महिन्यांसाठी आलेले. बऱ्याच वहिनी, त्यांच्यामागून आलेले नवरे, आणि ‘बाबा, हे आम्हाला माहीत आहे’ म्हणणारी कॉलेजातली दोन मुले. आमच्याकडचा पांढरा फळा भिंतीला टेकवला आणि त्यावर प्रथम निळी पाटी काढली. मग मित्राला आलेल्या पत्त्यासारखा एक पत्ता लिहिला. खऱ्या कंपनीचे नाव नको म्हणून अमुक-तमुक घातले:

एचटीटीपीएस://अमुकपोस्ट.कॉम-ट्रॅक.टॉप/कतार/पत्ता

‘हा पत्ता कोणाचा?’ मी विचारले. वीस जणांतल्या सतरा जणांनी सांगितले, अमुकपोस्टचा. त्या दोन मुलांपैकीही एकाने तेच सांगितले.

तर मंडळी, आजोबांसारखे वाचू या. सुरुवातीचे एचटीटीपीएस आणि त्याच्या पुढच्या दोन तिरक्या रेघा म्हणजे पत्र साधे की रजिस्टर एवढीच सूचना. त्या दोन रेघांची तशी काही गरज नव्हती, असे वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी स्वतःच २००९ मध्ये सांगून टाकले, पण आता जगभर छापून झाले, बदलणार कोण! तो भाग ओलांडा. पुढे पहिली एकटी तिरकी रेघ लागेपर्यंत जा. या दोन खुणांच्या मधे जे आहे तेवढाच खरा पत्ता. एकट्या रेघेच्या पुढचे सगळे घराच्या आतले: कितवा मजला, कुठले कपाट, कुठला खण. प्रश्नचिन्हानंतरचे म्हणजे दारावरच्या माणसाला दिलेली चिठ्ठी. आणि चौकडीच्या खुणेनंतर काही असेल तर ती पुस्तकात घातलेली खूणपट्टी. ती त्या घरापर्यंत जातही नाही, तुमच्या ब्राउझरपाशीच राहते.

आता मधला भाग: ‘अमुकपोस्ट.कॉम-ट्रॅक.टॉप’. हा उजवीकडून डावीकडे वाचायचा, इथल्या अरबी पाट्यांसारखा. तुकडे पाडणारे फक्त टिंब. छोटी आडवी रेघ हे साधे अक्षर, ती काहीही तोडत नाही. शेवटचा तुकडा ‘टॉप’: हा झोन. त्याच्या डावीकडे ‘कॉम-ट्रॅक’: हे घर. म्हणजे घरमालक झाला ‘कॉम-ट्रॅक.टॉप’ नावाचा कोणीतरी. आणि ‘अमुकपोस्ट’? ती त्या घरमालकाने आपल्या एका खोलीच्या दारावर लावलेली पाटी. मी माझ्या स्वयंपाकघरावर ‘अमीर यांचा दिवाणखाना’ अशी पाटी लावली तर अमीर काही तिथे चहाला येणार नाहीत.

उजवीकडचे दोन तुकडे पैसे मोजून, नोंदणी करून घ्यावे लागतात. त्यांच्या डावीकडे मालकाला काहीही लिहिता येते, फुकट, कोणालाही न विचारता. फसवणारा नेमका तिथेच ओळखीचे नाव लिहितो, कारण आपण डावीकडून वाचायला सुरुवात करतो आणि ओळखीचे नाव दिसले की वाचायचे थांबतो. माझ्या मित्राने पत्ता बघितला होता हे खरेच होते. त्याने ‘अमुकपोस्ट.कॉम’ एवढे बघितले आणि तिथे त्याचे समाधान झाले.

एका वहिनींनी लगेच शंका काढली, ‘मग काही पत्त्यांत को.इन असतो त्याचं काय? उजवीकडून दोन म्हटले तर नुसतं को आणि इनच हातात येतं.’ अगदी बरोबर. काही देशांत झोनच दोन तुकड्यांचा असतो, भारतात को.इन आणि गव्ह.इन, इथे गव्ह.क्यूए. तिथे तीन तुकडे वाचायचे. गव्ह.क्यूएने संपणारे नाव ऐऱ्यागैऱ्याला मिळत नाही. मात्र ‘गव्ह-क्यूए.कॉम’ मिळू शकते! टिंब आणि आडवी रेघ यांच्यातल्या फरकावर किती जणांचे पगार गेले असतील कोण जाणे.

‘पण कुलूप होतं ना तिथे?’ मित्र मागच्या खुर्चीवरून म्हणाला. त्या संध्याकाळी तो बोलेल अशी माझी अपेक्षा नव्हती. कुलपाचा अर्थ एवढाच की तुमच्या आणि त्या घराच्या मधल्या रस्त्यावर कोणी पत्र फोडत नाही. घरात चोरच राहत असेल तर पत्र चोरापर्यंत सुखरूप, न फोडता पोचते. त्यासाठी लागणारे प्रमाणपत्र आता फुकटही मिळते, भामट्यालाही मिळते. लोकांचा हा गैरसमज जाईना, तेव्हा २०२३ मध्ये गूगलने क्रोममधून ते कुलपाचे चित्रच काढून टाकले.

मग आजोबांपैकी एकांनी मूळ प्रश्न विचारला. सांगलीला शाळेत मुख्याध्यापक होते ते, त्यामुळे प्रश्न नेमका. ‘हे नाव माझ्या फोनला कळतं कसं? जगातली सगळी नावं याच्यात भरलेली आहेत का?’

एके काळी खरोखर तसेच होते. सुरुवातीच्या नेटवर्कवर काही शे यंत्रे होती आणि त्यांच्या नावांची एकच यादी कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ठेवलेली असे. एलिझाबेथ फाइनलर नावाच्या बाई आणि त्यांचे सहकारी ती सांभाळत. नवे यंत्र आले की त्यांना कळवायचे, त्या यादीत घालणार, बाकीचे ती यादी उतरवून घेणार. मंडळाच्या सभासदांची यादी आपले सचिव ठेवतात तसे. यंत्रे वाढली, यादी पुरेना, तेव्हा १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी यादी मोडून वाटून टाकायची युक्ती काढली. सगळे कोणा एकालाच माहीत असायची गरज नाही. प्रत्येकाने आपल्या खालच्यांची वही ठेवायची, एवढेच.

आता फोन विचारत कसा जातो बघा. फोन स्वतः आळशी आहे, तो एका चौकशीवाल्याला कामाला लावतो. हा चौकशीवाला बहुतेक वेळा आपल्या टेलिफोन कंपनीचा. तो प्रथम सर्वांत वरच्या कचेरीत जातो. तिला रूट म्हणतात, तिचे ए पासून एम पर्यंत तेरा नावांचे सर्व्हर आहेत आणि त्यांच्या हजाराहून जास्त प्रती जगभर पसरलेल्या आहेत. रूटला घर ठाऊक नसते. ती म्हणते, ‘टॉप ना? त्यांची वही अमक्याकडे आहे, तिकडे जा.’ तो तिकडे जातो. ते म्हणतात, ‘कॉम-ट्रॅक ना? त्याची वही तमक्याकडे.’ तिसऱ्या ठिकाणी आकडा मिळतो. आजोबांच्या कप्प्यांतून पत्र जाते तसेच, फक्त हे सगळे डोळ्याची पापणी लवायच्या आत. आणि मिळालेले उत्तर चौकशीवाला काही काळ लक्षात ठेवतो. गल्लीतल्या बकालेवाल्याला एकदा ‘पाटील कुठे राहतात’ हे सांगितले की नंतर तो परस्पर सांगतो, तसे. पाटलांनी घर बदलले तरी तो थोडे दिवस जुनेच घर दाखवतो, हेही तसेच. वेबसाइट नव्या ठिकाणी हलवली की काही तास कोणाला दिसते, कोणाला दिसत नाही, ते याच कारणाने.

यात चौकशीवाला कोठेही ‘हा माणूस सज्जन आहे का’ असे विचारत नाही. ते त्याचे काम नव्हे. पोस्टमन चोराच्या घरीही पत्र टाकतो.

आकडा म्हटल्यावर आपल्या कतारची एक गंमत सांगायचा मोह आवरत नाही. इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे आकडी पत्ते एकूण ४२९ कोटी ४९ लाख आणि काही हजार. जगाच्या लोकसंख्येलाही पुरत नाहीत. मध्यवर्ती साठा ३ फेब्रुवारी २०११ रोजी संपला आणि युरोपसह आपल्या आखाताला पत्ते वाटणाऱ्या संस्थेचा उरलासुरला साठा नोव्हेंबर २०१९ मध्ये. मग चालते कसे? इथल्या पी. ओ. बॉक्ससारखे. आपली कागदी पत्रे अजूनही बऱ्याचदा कंपनीच्या एकाच पी. ओ. बॉक्सवर येतात आणि ऑफिसातला माणूस ज्याची त्याला देतो. तशी शेकडो घरे एका आकडी पत्त्यामागे बसवतात. बाहेरच्या जगाला दिसतो तो बॉक्स.

क्यूटेल ही एकच कंपनी होती त्या काळात तर जवळजवळ सगळ्या देशाची वेबवरची ये-जा अशा मोजक्या पत्त्यांतून होत असे. २००६ संपता संपता विकिपीडियावर कतारमधून कोणीतरी खोडसाळपणा केला. तिकडच्या एका स्वयंसेवकाने नेहमीप्रमाणे त्या पत्त्यावरून बदल करायला बंदी घातली. पत्ता होता ८२.१४८.९७.६९. आणि १ जानेवारी २००७ ला जगभर बातमी झाली की विकिपीडियाने अख्ख्या कतारला बंदी घातली! वाचायला बंदी नव्हती, निनावी लिहायला होती, आणि काही तासांत ती उठवलीही. मी तेव्हा इंग्लंडात होतो. कतार नकाशावर बोट ठेवून दाखवता आला नसता मला, पण ही बातमी ऑफिसात चवीने वाचली होती. एका खोडकर पोराने दंगा केला म्हणून सगळ्या चाळीचा नळ बंद करावा तसे झाले.

पुढे फळ्यावर आणखी काही नमुने काढले. ‘अ‍ॅट’ची खूण असलेला पत्ता: तिरक्या रेघांनंतर ‘अमुकबँक.कॉम’, मग अ‍ॅट, मग दुसरेच काहीतरी. अ‍ॅटच्या आधीचे सगळे निव्वळ वापरणाऱ्याचे नाव समजले जाते, घर नंतर सुरू होते. मग दिसायला सारखी, पण परक्या लिपीतली अक्षरे. रशियन लिपीतला ‘ए’ आणि इंग्रजी ‘ए’ डोळ्यांना एकच दिसतात, संगणकाला वेगळे. २०१७ मध्ये एका संशोधकाने अशाच अक्षरांनी अ‍ॅपलच्या नावाचा हुबेहूब दिसणारा पत्ता नोंदवून दाखवला आणि ब्राउझरवाल्यांची धावपळ उडाली. क्यूआर कोड तर डोळ्यांनी वाचताच येत नाही. तो दाखवल्यावर फोन जो पत्ता दाखवतो, तो बोट लावायच्या आधी वाचायचा. घाईत असाल तर उघडूच नका, कंपनीचे अ‍ॅप किंवा स्वतः टाइप केलेला पत्ता वापरा. पार्सल कुठे पळून जात नाही.

परीक्षा घेतली. आठ पत्ते लिहिले, घरमालक सांगायचा. सगळ्यात चांगले गुण पडले ते सांगलीच्या आजोबांना आणि माझ्या मित्राला. कॉलेजातली मुले घाई करून दोन-दोन चुकली, हे त्यांच्या आयांनी मुद्दाम लक्षात ठेवले आहे.

देवनागरीचा विषय अर्थातच निघाला. आपल्या लिपीत पत्ता असतो हे निम्म्या लोकांना ठाऊक नव्हते. २७ ऑगस्ट २०१४ रोजी ‘.भारत’ हे देवनागरी शेपूट सुरू झाले, हिंदीबरोबर मराठी आणि कोकणीसाठीही. पडद्यामागे मात्र त्या कारकुनांना अजून इंग्रजी अक्षरेच लागतात. म्हणून ‘भारत’चे रूपांतर होते ‘एक्सएन’, दोन आडव्या रेघा आणि मग ‘एच२बीआरजे९सी’ असे. आपल्या नावाचे पासपोर्टवर होते त्यातलाच प्रकार. कतारचेही अरबी लिपीतले शेपूट आहे, आणि सबंध पत्ता अरबीत असला की तो उजवीकडून सुरू होतो, म्हणून झोन येतो डाव्या टोकाला. मी इतका वेळ ‘उजवीकडून वाचा’ म्हणून घसा कोरडा केला होता, त्यामुळे हे सांगितल्यावर चांगलाच हशा झाला.

चहा आला. पोहे आले. मित्र फळ्यावरचा पत्ता पुसायला उठला, मग न पुसता मोबाइलवर त्याचा फोटो काढून घेतला. ‘प्लांटवर दाखवतो,’ म्हणाला.

सांगलीच्या आजोबांच्या सौभाग्यवती इतका वेळ गप्प होत्या. त्यांचा लोणच्या-मसाल्यांचा छोटा घरगुती उद्योग आहे आणि त्याच्या नावात ळ आहे. त्यांनी विचारले, ‘भारतवाल्या त्या पत्त्यात आमचा ळ चालेल का?’

‘चालेल की, आजी.’

‘मग एकदा पैसे भरले की ते नाव कायमचं आपलं ना?’

‘नाही, आजी. एक वर्षाने किंवा पाच वर्षांनी, जेवढ्यासाठी घ्याल तेवढ्याने, पुन्हा भरायचे. नाही भरले तर दुसरा कोणी घेऊ शकतो.’

‘म्हणजे भाड्याचंच?’

‘भाड्याचंच.’

त्यांनी खोलीतल्या आम्हा सगळ्यांकडे एकदा पाहिले आणि म्हणाल्या, ‘मग तुमच्या इथल्या घरांसारखंच की रे.’